पोहता येतं : उत्तम

रविवार, २ फेब्रुवारी

ही वही माझ्या साडूने दिली. निळा पुठ्ठा, वर सोनेरी नांगर. आज जेवायला आला तो चार वह्या घेऊनच आला. एक स्वतःला, एक त्याच्या बायकोला, एक माझ्या बायकोला आणि एक मला. "बोटीवर प्रत्येकाची नोंदवही असते," म्हणाला. "मनात येईल ते लिहायचं. कुणी कुणाची वाचायची नाही." ठीक आहे. मनात येतं ते हे, की मला हा माणूस सहन होत नाही.

माझी बायको थोरली बहीण, त्याची धाकटी. एवढ्या एका कारणावर गेली चोवीस वर्षं तो माझ्या टेबलाच्या मानाच्या खुर्चीवर बसतो आणि मी कडेला. धंदा बाथरूमच्या टाइल्सचा. चार वर्षांपूर्वी शिडाची बोट चालवायला शिकला, परीक्षा दिली, सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत त्याला कप्तान म्हणतात. हे नाव हिने ठेवलं. ही म्हणजे माझी बायको. मला तिने इतक्या वर्षांत एकही नाव ठेवलेलं नाही.

आता त्याने टूम काढली आहे की मे महिन्यात अकरा मीटरची शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घ्यायची आणि आपण चौघांनी बेटाबेटांतून हिंडायचं. बोटीबरोबर खलाशी मिळत नाहीत. कप्तान तो, खलाशी आम्ही. जेवण झाल्यावर त्याने टेबलावर मीठदाणी, साखरेचा डबा, दोन लिंबं आणि माझा चष्मा मांडून बेटं दाखवली. माझा चष्मा म्हणजे निर्मनुष्य बेट. ही हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मी माझ्या कामाबद्दल बोलतो तेव्हा ही भाजी निवडते.

तो हसला की सगळे हसतात. पण त्यातले वरचे समोरचे दोन दात माझे आहेत, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. माझे म्हणजे मी केलेले. कवळ्या बनवणं हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी शिडाचा आडवा दांडा तोंडावर बसून त्याचे दोन दात गेले, आणि मी माझ्या हाताने त्याला काढता-घालता येणारे दोन असे करून दिले की शेजारच्या खऱ्या दातांनी मान खाली घालावी. तेव्हापासून तो दुप्पट हसतो. ते दात तो बायकोसमोरसुद्धा काढत नाही, असं मेहुणी सांगते.

बोटवाल्या कंपनीला खलाशांची यादी लागते. माझं अक्षर चांगलं म्हणून ती लिहायचं माझ्याकडे आलं. वय, रक्तगट, चष्मा आहे का. शेवटचा रकाना: पोहता येतं का? नाही, थोडंफार, उत्तम. कप्तान म्हणाला, "माझं उत्तम." मेहुणी म्हणाली, थोडंफार. ही स्वयंपाकघरातून ओरडली, "माझंही थोडंफार! लग्नाआधी छान यायचं." मग कप्तान माझ्याकडे वळून हसला. "साडूभाऊ, तुम्ही?"

"उत्तम," मी म्हणालो, आणि लिहिलंसुद्धा.

ही दारात येऊन उभी राहिली. हातात ताट आणि फडकं. नुसती ताट पुसत राहिली. ताट कधीच कोरडं झालं होतं.

मला पोहता येत नाही. नऊ वर्षांचा असताना कालव्यात पडलो होतो, आणि तेव्हापासून पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझा श्वास अडकतो. हे जगात कुणालाही ठाऊक नाही. लग्नानंतर समुद्रावर गेलो होतो तेव्हा सहा दिवस मी विजार दुमडून वाळूत उभा राहिलो आणि अंगात कसर आहे म्हणून सांगितलं. हिला खरं वाटलं. बिचारी सहाही दिवस माझ्याजवळ वाळूत बसून राहिली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

बोटीवर चार-पाच गाठी यायलाच हव्यात, असं कप्तान म्हणतो. दोरी विकत आणली तर ही विचारणार, म्हणून वर्कशॉपमध्ये दात साफ करायच्या रेशमी धाग्यावर सराव केला. प्लास्टरच्या जबड्यातल्या सुळ्याला धागा बांधायचा आणि ओढायचा. तिसऱ्या गाठीला सुळा निघून आला. कुणा शाळामास्तरांचा होता, उद्या न्यायला येणार होते. पुन्हा साचा करावा लागला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

हिने माझं वजन विचारलं. "लाइफ जॅकेटच्या मापासाठी," म्हणाली. मी ऐंशी सांगितलं. मुकाट्याने कपाटाखालून काटा काढला आणि मला उभं केलं. सत्त्याऐंशी. हे आता कप्तानाला कळणार. तो एकाहत्तर आहे, स्वतःच दर रविवारी सांगतो.

लाइफ जॅकेट असतं, ही एक चांगली गोष्ट आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज कामांची वाटणी झाली. कप्तान शिडं सांभाळणार. सुकाणू कुणाकडे? हिच्याकडे! मेहुणी वीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवते, तिला सोडून हिला, जिने आयुष्यात सायकलच्या पलीकडे काही चालवलं नाही. कप्तान म्हणतो, "ताईंचा हात शांत आहे." अठ्ठावीस वर्षं तो हात मी बघतोय. मलाही ठाऊक आहे की शांत आहे. मी कधी म्हटलं नाही, एवढंच.

मला नांगर, किराणा आणि आणखी एक काम. "कुणी पाण्यात पडलं तर बोट वळवून परत आणायला मी वरच लागणार," कप्तान म्हणाला. "मग उडी मारणार कोण? उत्तम पोहणारे आपल्यात दोघंच. साडूभाऊ, ते काम तुमचं. आणि नांगर टाकला की जॅकेटं काढायची हं, खोल पाण्यात डुंबायला काय मजा येते!"

मी म्हणालो, "काढू की." मग खोकलो. हिने पाण्याचा पेला पुढे केला.

नंतर ही आणि कप्तान बाल्कनीत गेले. काचेचं दार ओढून घेतलं. मी आतून बघत होतो. ही बोलत होती, तो ऐकत होता. एरवी तो कधी कुणाचं ऐकत नाही. मध्येच तो हसायचा थांबला आणि त्याने वळून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी पटकन लिंबं उचलायला लागलो. परत आल्यावर विचारलं, काय चाललं होतं? "काही नाही, किराणा," ही म्हणाली. किराणा माझ्याकडे आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

कामावरून आलो तेव्हा ही घरी नव्हती. सातला आली. केस ओले, डोळे लाल. रडून येतात तसे लाल. "पार्लरमध्ये गेले होते," म्हणाली. मी खिडकीतच होतो. कोपऱ्यावर राखाडी गाडी थांबली होती, दारासमोर नाही. कप्तानाची.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पुन्हा. ओले केस, लाल डोळे, कोपऱ्यावर गाडी. पार्लर. जेवताना दोनदा भात वाढून घेतला आणि टेबलावरच पेंगली. अंगाला फरशी पुसायच्या औषधासारखा वास येतो. पार्लरला असा वास असतो का?

शनिवार, १५ फेब्रुवारी

वर्कशॉपमध्ये माझ्याबरोबर एक म्हातारे काम करतात. कवळ्यांना पॉलिश करतात आणि दिवसाला दहा वाक्यं बोलतात. आज मी सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्या बाईचे केस मंगळवार-गुरुवार ओले का असतील?

"मंगळवार-गुरुवारच?" त्यांनी मशीन बंद केलं.

"हो."

"आणि बाकीचे दिवस खूश असते?"

मला तोवर सुचलं नव्हतं, पण हो, असते. गुणगुणते. म्हातारे माझ्याकडे बघून "बरं" म्हणाले आणि मशीन सुरू केलं. ते 'बरं' दिवसभर माझ्या कानात गिरमिटासारखं फिरत होतं.

लिहायला लाज वाटते, पण इथे कुणी वाचणार नाही. माझ्या पोटात आग पडली आहे. तो उंच आहे, त्याला वाऱ्याची दिशा कळते, त्याच्या गोष्टी ऐकताना लोकांचा चहा निवतो. मी माणसांना चावता येईल असं करून देतो. ते उपयोगाचं असतं, पण त्यावर कुणी भाळत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

कप्तानाने सगळा मार्गच बदलला! चष्म्याचं बेट रद्द, खोल पाण्याचे मुक्काम रद्द. आता उथळ खाड्या, जिथे म्हणे उभं राहिलं तर पाणी कमरेला लागतं. "या वयात कशाला उगाच धाडस," म्हणाला. आणि जॅकेटांचं? "मी ठरवलंय, माझ्या बोटीवर सात दिवस कुणीही जॅकेट काढायचं नाही. मीसुद्धा."

मी ही संधी सोडली नाही. "काय कप्तान, हवा गेली का? मी तर डुंबायची तयारी करून बसलो होतो."

तो नुसता हसला. मेहुणी ताटातलं चिवडत राहिली. ही म्हणाली, "मला उथळच आवडतं."

घाबरट माणूस. सर्टिफिकेट म्हणे. आणि त्याची बाजू घ्यायला ही लगेच पुढे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

माझा निळ्या पट्ट्यांचा नाइटसूट सापडत नाही. कपाट पालथं घातलं. हिला विचारलं तर "धुवायला असेल" म्हणाली आणि माझ्याकडे न बघता ओले केस पुसायला लागली. बाहेर दोरीवर नाही, मशीनमध्ये नाही. जुना असला तरी माझा आवडता आहे. घरातली माणसं लपवाछपवी करतात ते एक वेळ समजलं. आता कपडेही?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज हिने भांडी घासायला बाह्या वर केल्या आणि मला वळ दिसले. डाव्या दंडावर चार, आतल्या बाजूला एक. निळसर-पिवळे. मी दातांचे ठसे बघून पोट भरणारा माणूस आहे. ती पुरुषाच्या हाताची बोटं होती, आणि लांब.

"हे काय?"

"कशाचं? अगंबाई. कपाटाचं दार लागलं असेल."

"कपाटाच्या दाराला पाच बोटं असतात?"

हिने बाह्या खाली केल्या. ओल्या हातांनीच. "दुखत नाहीये," म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका."

काळजी! बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. त्या टाइल्ससुद्धा त्यानेच बसवलेल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

जेवताना जाहीर केलं, मी बोटीवर येणार नाही. वर्कशॉपमध्ये काम फार आहे, तुम्ही तिघं जा. मला बघायचं होतं कोणाचा चेहरा खुलतो.

कप्तान म्हणाला, "साडूभाऊ, तुमच्याशिवाय मी बोट घेणारच नाही." वा! काय अभिनय.

आणि ही भांड्यांचा आवाज करत उठली. "हे नसतील तर मी नाही. आणि हे येणार आहेत. मी ज्या हालअपेष्टा सोसतेय त्या काय गंमत म्हणून?" एकदम गप्प झाली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मी सोडून तिघांना काहीतरी ठाऊक आहे. म्हणजे मेहुणीलासुद्धा? की तिलाही काही भलतंच सांगून ठेवलंय?

बुधवार, २६ फेब्रुवारी

मी हिची वही वाचली. कुणी कुणाची वाचायची नाही, हा नियम करणाऱ्याने आधी स्वतः पाळावेत नियम.

बहुतेक पानं कोरी. एका पानावर, गेल्या गुरुवारची तारीख: "त्याने मिठी मारली की घाबरायचं नाही. आपण खाली जायचं. मग तो आपोआप सोडतो. आज दोनदा जमलं." खाली: "फार दमले. पण कप्तान म्हणाले, पुढच्या वेळी अजून जोरात धरेन."

तिथेच बसलो. फोन वाजला, घेतला नाही. अठ्ठावीस वर्षं. भांडणं झाली, रुसवे झाले, पण हिच्यावर संशय घ्यायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. मला राग येत नाहीये. एकटं वाटतंय, आणि त्याचा राग येतोय.

शनिवार, १ मार्च

मेहुणीला सांगायचं ठरवलं. तिलाही कळायला हवं. दुपारी तिची एक शिकवणी संपल्यावर तिच्या गाडीत बसलो. शिकाऊ लोकांची गाडी, तिच्या बाजूलाही ब्रेक असतो. "चला भाऊजी, तुम्हीच चालवा, मला आमच्या टाइल्सच्या दुकानापर्यंत सोडा," म्हणाली. चालवता चालवता सगळं सांगितलं. ओले केस, राखाडी गाडी, वळ, वही. "तुझा नवरा आणि माझी बायको" हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा तिने तिच्या बाजूचा ब्रेक असा दाबला की मी स्टिअरिंगवर आपटलो.

"गाडी बाजूला घ्या."

घेतली. ती माझ्याकडे वळली. आधी वाटलं रडणार. मग वाटलं हसणार. मग कळलं की चिडली आहे.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"पॉलिशवाल्यांना. म्हणजे सरळ नाही."

"कमाल आहे तुमची." तिने किल्ली काढून घेतली. "मंगळवारी साडेपाचला जलतरण तलावावर जा. वर गॅलरी आहे, तिथे बसा. हाक मारायची नाही, खाली उतरायचं नाही. बघा आणि घरी जा."

"म्हणजे दोघं तिथे भेटतात? आणि तुला ठाऊक होतं?"

"उतरा, भाऊजी. चालत जा. तुम्हाला गरज आहे चालायची."

मंगळवार, ४ मार्च

सगळं नीट लिहितो.

वाटीतलं प्लास्टर तसंच टाकून निघालो. तलावाच्या इमारतीत शिरल्याशिरल्या तो वास आला, फरशीच्या औषधाचा. वर गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मुलांचे टॉवेल मांडीवर घेऊन बसलेल्या दोन आया आणि खाली निळं पाणी. नुसतं बघूनच माझे तळवे ओले झाले. खांबाला धरून बसलो.

कडेची एक लेन दोरी लावून वेगळी केली होती. काठावर एक शिट्टीवाली बाई. पाण्यात ही, काळी टोपी घालून. आणि हिच्यापासून दहा हातांवर माझा नाइटसूट.

निळ्या पट्ट्यांचा, बटणं गळ्यापर्यंत लावलेला. आत कप्तान. कमरेला जाड पट्टा आणि त्यावर शिशाची वजनं ओवलेली. बाईने शिट्टी वाजवली आणि तो बुडायला लागला. काय बुडला! हात आपटत, पाणी गिळत, "अगं! अगं ए! अगं, कुठे आहेस!" करून ओरडत. शेजारच्या आया हसल्या. मला हसू आलं नाही. ती हाक माझी आहे. चष्मा सापडला नाही तरी मी घरात अशीच हाक मारतो.

ही पोहत त्याच्याकडे गेली. मी हिला पोहताना कधी पाहिलंच नव्हतं. सरळ रेघ मारावी तशी गेली. तो हिच्या गळ्यात पडला, दंड धरला, आणि दोघं पाण्याखाली गेले. मी उभा राहिलो. किती वेळ कोण जाणे. मग ही त्याच्या मागून वर आली, त्याची हनुवटी हातात धरून त्याचं तोंड पाण्याबाहेर ठेवलं आणि उताणं ओढत काठाशी आणलं. दोघं कठड्याला धरून धापा टाकत होते. त्या इमारतीत आवाज घुमतो, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"छान," शिट्टीवाली म्हणाली. "आज लवकर सुटलात."

"आज यांनी सैल धरलं," ही म्हणाली. "कप्तान, असं नको. हे असे सहज सोडणार नाहीत. अजून घट्ट धरा."

"ताई, तुमच्या दंडाची काय अवस्था झालीय बघा."

"होऊ दे. धरा तुम्ही."

तो वळला आणि बाईकडे बघून हसला. तोंडात खिडकी होती. वरचे समोरचे दोन दात नव्हते. पाण्यात पडू नयेत म्हणून काढून ठेवले असणार. पाण्यात मुलं होती, काठावर बायका होत्या, आणि हा माणूस, जो बायकोसमोरही दात काढत नाही, माझा जुना नाइटसूट घालून, मी सोळा किलो जड म्हणून कमरेला शिसं बांधून, बोळकं दाखवत उभा होता. शिट्टी वाजली. तो पुन्हा माझ्या नावाने बुडायला गेला.

मी सहा वेळा बघितलं. सहाही वेळा हिने त्याला बाहेर काढलं.

घरी चालत आलो. आनंद व्हायला हवा होता. झालाच, वाटेत एका बाकावर बसून रडलो इतका झाला. पण वहीत खोटं लिहायचं नाही तर हेही लिहितो की पोटातली आग गेली नाही, फक्त जागा बदलली. त्याने माझं गुपित ओळखलं नाही, हिने त्याला सांगितलं, त्या बाल्कनीत, आणि त्याने महिनाभर मला एका शब्दाने चिडवलं नाही. मार्ग बदलला, जॅकेटांचा नियम केला, मी घाबरट म्हटलं तरी हसून घेतलं. आता माणसाने आपल्या साडूवर जळायचं तरी कसं? आणि दुसरं. तीन आठवडे तो दर मंगळवारी-गुरुवारी बुडतोय आणि दर वेळी ही त्याला वाचवतेय. मला अजून एकदाही वाचवलेलं नाही.

बुधवार, ५ मार्च

सकाळी ड्रॉवरमधून खलाशांची यादी काढली. अजून पाठवलेली नव्हती. 'उत्तम' वर रेघ मारली आणि पुढे 'नाही' लिहिलं. दोन अक्षरं. अक्षर चांगलं आलं नाही. यादी टेबलावर, हिच्या चहाशेजारी ठेवली.

हिने वाचली. चहा प्यायली. "धाकटीचा फोन आला होता काल," म्हणाली.

"काय म्हणाली?"

"सगळं म्हणाली."

मी खाली बघत होतो. टेबलावर चष्म्याच्या बेटाची जागा मोकळी होती.

"पाण्याचं तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, ते चाललं," ही म्हणाली. आवाज चढवला नाही, पण त्या शांत हाताने यादीची घडी वाकडी घातली. "मला ठाऊकच होतं. सहा दिवस अंगात कसर, आणि कपाळाला हात लावला तर गार. मी म्हटलं, सांगतील कधीतरी. नाही सांगितलं, तर नाही. मी पण पाण्यात जायचं सोडलं, तुम्हाला काठावर एकटं वाटू नये म्हणून. त्याचं मला काही वाटलं नाही. पण हे? माझ्या बहिणीकडे जाऊन? कप्तानाचं नाव घेऊन?"

"चुकलं," मी म्हणालो. एवढंच आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडाचं काम करतो आणि माझ्याच तोंडातून दोन वाक्यं निघेनात.

"फार लागलंय मला ते. चार दिवसांत जाईल असं समजू नका."

"नाही समजत."

"मी चिडलेली आहे. बोटीवर गेलो तरी चिडलेली असेन." हिने कप उचलला, सिंकमध्ये ठेवला, नळ सोडला आणि बंद केला. "बुडलात तर काढीन. ते वेगळं."

मी म्हणालो, मग बोटीवर येतो.  ही पाठमोरीच म्हणाली, शिट्टीवाली बाई म्हणते अजून चार-पाच वेळा सराव हवा. समुद्रात लाटा असतात. उद्या पुन्हा आहे, साडेपाचला, कप्तान घ्यायला येतील.

"कोपऱ्यावर?"

"आता दारात येतील."

"त्याला कळव, यायची गरज नाही."

ही वळली. चेहऱ्यावर राग होता तो तसाच होता. "अहो, मग बुडणार कोण?"

"मी," म्हणालो. "नाइटसूट माझा आहे."

 ही म्हणाली, सुरुवातीला पायऱ्यांवरच बसायचं, कमरेपर्यंत. शिसं लागणार नाही तुम्हाला. आणि मी धरलं की तुम्ही घट्ट धरायचं नाही. मी म्हणालो, प्रयत्न करतो.

नाइटसूट बाल्कनीत दोरीवर आहे. अजून ओला आहे, पण उद्यापर्यंत वाळेल.